पोट आलेली भिंत: माळवदाच्या एका घराचं प्रकरण

लातूर जिल्ह्यात औशाच्या अंगाला असलेल्या एका गावातलं हे घर. गावठाणात, पांढरीत, शेजारच्या घराला पाठ लावून उभं असलेलं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर. उत्तरेची भिंत बोळात उघडी पडते. ती २२ फूट लांब, साडेनऊ फूट उंच आणि अडीच फूट जाड, मीटरमध्ये ६.७, २.९ आणि ०.७५. दगड काळा पाषाण, बांधकाम मातीतलं. आतल्या खोलीची रुंदी ३ मीटर, तिच्या कड्या या भिंतीवर थेट टेकलेल्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर दीड फूट माती. प्रकरण नमुन्याचं आहे. त्यातली मापं लातूर-धाराशिवकडच्या अशा घरांत सर्रास सापडणारी आहेत, म्हणूनच ती इथे तपशीलवार दिली आहेत.

तक्रार एका वाक्याची होती: ‘भिंतीला पोट आलंय.’ बोळातून पाहिलं की भिंत मधोमध बाहेर फुगलेली दिसायची. दोन वर्षांपूर्वी मिस्तरींनी भिंत कमजोर झाली असं सांगून बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. त्यात चार पोती सिमेंट गेलं. मे महिन्यात त्याच गिलाव्याला पोटाच्या वरच्या बाजूने आडवी भेग गेली आणि खालच्या भागातला गिलावा टकटक केल्यावर पोकळ वाजू लागला. मालकांचं म्हणणं, ‘तीस वर्सं झाली भूकंपाला, तवा नाही पडली, आता काय पडतीय?’ मिस्तरींचं म्हणणं, या वेळी जाळी मारून जाड गिलावा करू. दोघांच्याही बोलण्यामागे एकच समजूत होती: भिंत एक तर मजबूत असते नाहीतर कमजोर असते. या भिंतीचा आजार त्या दोन्हींत बसत नव्हता. पाषाण शाबूत होता, एकही दगड चिरडला नव्हता. भिंत अस्थिर झाली होती.

वाकणं आणि वाकत जाणं

अस्थिर हा शब्द आपण सरकारपासून बाजारभावापर्यंत कशालाही लावतो, म्हणून यांत्रिकीतला त्याचा नेमका अर्थ आधी पक्का करू. वाटी सुलटी ठेवून तिच्या तळाशी सुपारी ठेवली आणि बोटाने ढकलली, तर ती घरंगळून पुन्हा तळाशी येते. वाटी पालथी घालून तिच्या माथ्यावर सुपारी कशीबशी उभी केली आणि तेवढंच ढकललं, तर ती परत येत नाही. जसजशी सरकते तसतशी आणखी सरकते. सपाट ताटात ती ढकलली तिथे थांबते. सुपारी तीच आणि तेवढीच टणक. बदललं ते एवढंच, की हलल्यावर तिला मागे आणणारं बळ उरतं की पुढे ढकलणारं. पदार्थविज्ञानात यालाच स्थितिज ऊर्जेचा तळ किंवा माथा म्हणतात. विज्ञान असो, वैद्यक असो की स्थापत्य, प्रश्न हाच विचारला जातो: थोडं हललं तर परत येतं का?

म्हणून वाकलेली प्रत्येक गोष्ट अस्थिर नसते. याच गावात चार इंच कललेली, पण कित्येक वर्षं तशीच उभी असलेली भिंत आहे. ती कुरूप आहे, अस्थिर नाही. उलट ओळंब्यात सरळ असलेली भिंतही अस्थिरतेच्या काठावर असू शकते. लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७४४ मध्ये सडपातळ खांबाचं जे गणित मांडलं, त्यातली विचित्र गोष्ट हीच आहे: खांब किती वजनाला ‘लचकेल’, म्हणजे एकदम बाजूला वाकेल, हे त्याच्या द्रव्याच्या मजबुतीवर नाही, तर ताठपणा, छेदाचा आकार आणि मोकळी उंची यांवर ठरतं. मोकळी उंची निम्मी केली की तोच खांब चौपट भार घेतो. हा चौपटीचा हिशोब पुढे भिंतीच्या दुरुस्तीत कामाला आला.

घरातल्या आजींना मणका सरकल्याचं निदान पूर्वीच झालेलं होतं. कमरेचा मणका खालच्या मणक्यावरून सरकलेला असला, की अस्थिसर्जन नुसता उभा एक्स-रे पाहून थांबत नाहीत; पुढे वाकवून एक आणि मागे वाकवून एक असे दोन काढतात. या दोन्हींची तुलना करता मणका साधारण ४ मिलिमीटरच्या वर हललेला दिसला किंवा १० अंशांहून जास्त कलला, तर त्याला अस्थिर म्हणण्याकडे कल असतो. निरनिराळे सर्जन थोडे निरनिराळे आकडे धरतात. मणका सरकलेला आहे पण वाकवलं तरी जागचा हलत नाही, असे कितीतरी रुग्ण शस्त्रक्रियेशिवाय नीट राहतात. ऑगस्टस व्हाइट आणि मनोहर पंजाबी यांनी केलेली व्याख्याही आकारावर नाही, वागणुकीवर आहे: रोजच्या भाराखाली मणक्यांनी एकमेकांशी असलेलं नातं टिकवायला हवं, म्हणजे मज्जारज्जूला वा नसांना इजा होणार नाही आणि व्यंग किंवा असह्य वेदना उद्भवणार नाही. हे टिकवता येत नसेल तर तो कणा अस्थिर.

पंजाबींनी १९९२ मध्ये कण्याच्या स्थैर्याचे तीन भागीदार सांगितले: हाडं आणि अस्थिबंध, स्नायू, आणि त्या स्नायूंना वेळेवर हुकूम देणारी मज्जासंस्था. यातला स्नायूंचा वाटा किती मोठा आहे? मृतदेहातून काढलेला, स्नायू उतरवलेला कमरेचा कणा प्रयोगशाळेत सुमारे ९० न्यूटन भारालाच लचकला. म्हणजे जेमतेम ९ किलो, भरलेल्या घागरीहून कमी. हाडं तीच, पण सांभाळणारं कोणी नाही. भिंतीकडे स्नायू नसतात. तिला बांधणारं जे काही असेल ते बांधतानाच आत घालावं लागतं, आणि या भिंतीत नेमकं तेच घातलेलं नव्हतं.

ओळंब्याने काय सांगितलं

पोट किती, कुठे आणि कोणत्या पदराचं, म्हणजे भिंतीच्या बाहेरच्या थराचं की आतल्या, हे मोजल्याशिवाय पुढचं काहीच ठरत नाही. भिंतीच्या माथ्याला खिळा ठोकून ओळंब्याची दोरी भिंतीपासून १० सेंटिमीटरवर सोडली. ओळंबा पाण्याच्या बादलीत बुडवला, म्हणजे बोळातल्या वाऱ्याने झुलत नाही. मग दोन-दोन फूट वर जात दोरीपासून भिंतीपर्यंतचं अंतर घेतलं. जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर ते ९.८ भरलं, ९० वर ६.५, दीड मीटरवर ३.०, २१० वर ५.६ आणि माथ्याजवळ ९.४. म्हणजे बुडाशी आणि माथ्याला भिंत ओळंब्यात, मधोमध ७ सेंटिमीटर बाहेर. पोटाचा पसारा २.४ मीटर लांब आणि दीड मीटर उंच.

तीच मोजणी आतून केली. आतली बाजू कुठेच एक सेंटिमीटरहून जास्त हललेली नव्हती. खरं निदान इथेच झालं. अख्खी भिंत वाकली असती तर बाहेर पोट आणि आत खळगा दिसला असता. इथे बाहेर पोट होतं आणि आत काहीच नाही, म्हणजे भिंत वाकली नव्हती, उकलली होती. खिडकीच्या गालाशी जाडी मोजली तर तिथे ७९ सेंटिमीटर भरली. बांधताना ती ७५ होती. एका सांध्यातली माती काढून आत सळई सारली, तर २५ सेंटिमीटरपर्यंत दगडांना घासत गेली आणि पुढे एकदम मोकळी सुटली.

या भागातल्या जुन्या दगडी भिंती दिसतात एकसंध, असतात दुपदरी. बाहेरचा पदर साधारण २५ सेंटिमीटरचा, घडीव तोंडाचा. आतला पदर तेवढाच, कमी घडीव. मधल्या वीतभर पोकळीत दगडांच्या कपच्या आणि मातीची भर. चांगल्या गवंड्याने जागोजागी दोन्ही पदरांत जाणारे आरपार दगड घातले असले, तर भिंत एक म्हणून वागते. अडीच फुटी भिंतीला अडीच फूट लांबीचा पाषाण लागतो, तो मिळवायला, घडवायला आणि चढवायला जड. म्हणून तो टाळला जाई. इथे पूर्ण लांबीत मोजून दोन आरपार दगड सापडले, दोन्ही खिडकीच्या बाजूला. पोट तिथपर्यंत येऊन थांबलेलं होतं.

आकड्यांत फरक केवढा पडतो? ७५ सेंटिमीटर जाडीची एकसंध भिंत २.९ मीटर उंच असेल, तर उंची जाडीच्या चौपटीहूनही कमी. ती लचकण्याचा प्रश्नच नाही. पदर सुटे झाले की २५ सेंटिमीटरचा एक पदर २.९ मीटर उंच, म्हणजे साडेअकरा पट. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनावर जातो. ०.७५ चा घन ०.४२ आणि ०.२५ चा घन ०.०१५६, दोन सुटे पदर मिळूनही एकसंध भिंतीच्या साडेतेराव्या हिश्श्याएवढाच ताठपणा उरतो. दगड एकही कमी झाला नाही आणि भिंत साडेतेरा पट लवचिक झाली. ‘एवढी जाड भिंत पडेल कशी’ हा प्रश्न म्हणून फसवा आहे. अडीच फूट जाडी कागदावर आहे, भाराला ती दिसत नाही.

पाया दोषी नाही याचीही खात्री करून घेतली. काळ्या मातीवरच्या घरांत पाया उचलला-बसला की कोपऱ्यांतून तिरक्या भेगा जातात, दारं अडकतात. इथे घर पांढरीवर, जोतं सलग, दार एका बोटाने लागतं.

पोट का आलं

माळवदाची माती दरवर्षी पावसाआधी सारखी करायची, वर नवी पांढरी माती टाकायची, ही जुनी रीत. यात माती कमी कधीच होत नाही, वाढतच जाते. मूळचे आठ-नऊ इंच साठ वर्षांत दीड फूट झाले. पन्हाळीचं तोंड उत्तरेच्या भिंतीवर, आणि तिच्या बुडाशी माती बसून खळगा झालेला. पाणी तिथून भिंतीच्या माथ्यातून थेट मधल्या भरीत उतरत होतं.

कोरडी माती आपल्या अंगच्या चिकटपणाने उभी राहते, बाजूच्या पदरांना फारशी रेटत नाही. भिजली की चिकटपणा जातो, भर खाली बसते आणि पाचरीसारखी दोन्ही पदरांना दूर सारते. आतल्या पदराला कड्यांचा दाब आणि आडव्या भिंतींचा आधार असतो, बोळातल्या पदराला कोणीच नसतं. म्हणून पोट बोळात. उन्हाळ्यात भर सुकून आकसते, पण बाहेर गेलेला दगड मागे येत नाही. उलट झालेल्या फटीत वरच्या कपच्या घसरतात आणि पुढच्या पावसात पाचर आणखी खोल बसते. भिंत दरवर्षी एकाच दिशेने चालते, परत फिरत नाही.

सिमेंटच्या गिलाव्याने यात भर घातली. मातीच्या भिंतीतली ओल पूर्वी बाहेरच्या सांध्यांतून उडून जायची, ती आत कोंडली. शिवाय गिलाव्याने पोटाचा खडबडीतपणा भरून काढला आणि दोन वर्षं कोणाच्या लक्षातच आलं नाही की ते वाढतंय. एवढं करून तो दोन पदरांना जोडत नव्हताच. तो बाहेरच्या पदराचा सदरा होता, शिवण नव्हे.

सात सेंटिमीटरचा अर्थ

पदर २५ सेंटिमीटर जाड. वरून येणारा भार त्याच्या मधून जात असेल तर सगळी जाडी सारखी दाबली जाते. भाराची रेघ मध्यापासून जाडीच्या सहाव्या हिश्श्याहून, इथे ४.२ सेंटिमीटरहून, जास्त सरकली की एका बाजूचे सांधे उघडू लागतात; मातीच्या सांध्याला ताण अजिबात झेपत नाही. १२.५ ला रेघ पदराच्या बाहेर पडते. पोट ७ होतं, म्हणजे पहिली हद्द ओलांडलेली, दुसरी दूर. अशा वेळी प्रत्यक्ष टेकलेली जाडी उरते ती कडेपर्यंतच्या अंतराच्या तिप्पट: १२.५ वजा ७, म्हणजे ५.५; त्याची तिप्पट १६.५ सेंटिमीटर. कडेवरचा दाब सरासरीच्या तिप्पट होतो. हिशोब ढोबळ आहे, पदराचं स्वतःचं वजन आणि भरीचा रेटा त्यात नीट येत नाही. पण किती मोकळीक उरली आहे ते कळायला पुरेसा आहे.

सात सेंटिमीटर हा उभा एक्स-रे झाला. वाकवून काढलेला एक्स-रे म्हणजे वाढीचा वेग. भिंतीला ढकलून पाहायचं नसतं, तिला पावसाळाच ढकलतो. भेगेवर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवल्या, शेजारी तारीख लिहिली, आणि ओळंब्याच्या खुणा पक्क्या केल्या. मेच्या शेवटी ७.०. जुलैच्या १० तारखेला ७.४ आणि एक काच तडकलेली. २४ जुलैला ८.१. पुढच्या एका आठवड्यातच ८.९, तिन्ही काचा फुटलेल्या. आधी सहा आठवड्यांत चार मिलिमीटर, मग दोन आठवड्यांत सात, मग एका आठवड्यात आठ. ८.९ ला टेकलेली जाडी १०.८ सेंटिमीटर आणि कडेवरचा दाब सरासरीच्या साडेचार पटींहून जास्त. आकडा लहानच आहे, पण प्रत्येक हप्ता आधीच्याहून घाईचा. पोट वाढलं की भाराची रेघ बाहेर जाते, रेघ बाहेर गेली की पोट वाढतं. पालथ्या वाटीवरची सुपारी ती हीच.

त्याच संध्याकाळी खोली रिकामी केली, बोळ दोन्ही टोकांना अडवला.

आधी टेकू, मग छत

छताचं वजन काढायचं हे सगळ्यांनाच लगेच सुचतं. २० चौरस मीटर छतावर ४५ सेंटिमीटर माती, घनमीटरला १७०० किलो धरली तर १५ टनांच्या वर. तातडीने चार माणसं वर चढवून फावडी चालवायची घाई झाली होती, ती थांबवावी लागली. एक तर भिजलेल्या छतावर चार माणसांची वर्दळ नको. दुसरं कारण कमी लोकांना ठाऊक असतं: छताचं वजन पोटाला वाढवतं हे खरं, पण तेच वजन पदरांना वरून दाबून दगड जागी धरूनही ठेवतं. भिजलेल्या भरीचा आडवा रेटा तसाच ठेवून वरचा दाब तेवढा उतरवला, तर बाहेरचा पदर सुटायला तेवढंच निमित्त पुरतं. म्हणून बोळातून टेकू आधी.

पोटावर उभ्या तीन फळ्या, प्रत्येकी २३ सेंटिमीटर रुंद आणि ५ जाड, फळी आणि भिंत यांच्यातली फट गोणपाटाने भरलेली. प्रत्येक फळीला दोन तिरक्या बल्ल्या, जमिनीशी साधारण ६० अंशांत, पायथ्याला आडवी फळी आणि तिच्यामागे समोरच्या जोत्याला टेकवलेला ठोकळा. पाचर हाताने बसवून हलका ठोका, बस. टेकू भिंतीला अडवायला असतो, मागे ढकलायला नाही. पोट आत रेटायला गेलं की मधली भर खाली-वर सरकते आणि दुसरीकडे फुगते. वर माळवदावर ताडपत्री, पन्हाळ तात्पुरती दक्षिणेला वळवलेली. पाऊस सरेपर्यंत एवढंच. पाचव्या दिवसानंतर मोजणी ९.१ वर थांबली.

नोव्हेंबरात खोलीच्या आत, भिंतीपासून दीड फुटावर, आडव्या तुळईखाली सेंट्रिंगचे सहा लोखंडी जॅक उभे केले, पायाखाली फळ्या. मग छताची माती ४५ वरून १५ सेंटिमीटरवर आणली. निघालेली माती ६ घनमीटर, दोन ब्रासच्या थोडी वर, वजनाने १० टन. ती दोन्ही कडांकडून मध्याकडे पातळ पातळ थरांनी काढायची आणि लगेच खाली टाकायची. कामगार सोयीसाठी ढीग उत्तरेच्या कडेला रचत होते. टन-दीड टन माती नेमकी आजारी भिंतीच्या डोक्यावर जमा होत होती. तो ढीग अर्ध्या दिवसात हलवला.

टाके घालणं

पोटाबाहेरची भिंत उतरवायची गरज नव्हती, तिला टाके पुरेसे होते. हे तंत्र या मातीतच रुळलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीचा भूकंप झाला; ६.२ तीव्रतेच्या त्या धक्क्यात हजारो माणसं याच दुपदरी भिंतींखाली आणि माळवदांच्या मातीखाली गेली. तोवर लातूर भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होतं. २००२ च्या सुधारित नकाशात ते तिसऱ्यात आलं. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जी घरं जागीच राहिली त्यांच्यासाठी आरपार टाक्यांची पद्धत शिकवली गेली.

जागा मीटर-मीटर अंतरावर, वरच्या ओळीतली खालच्या दोन जागांच्या मध्ये येईल अशी. निवडलेल्या दगडाभोवतीची माती टोकदार सळईने उकरायची, दगड लहान पहारीने हलवत सैल करायचा आणि ओढून काढायचा. मग मागची भर हाताने काढत पलीकडच्या पदरापर्यंत पोचायचं. भोक मधे ७५ मिलिमीटरचं, दोन्ही तोंडांना रुंद, डमरूसारखं. रुंद तोंडांमुळे काँक्रीट दोन्ही पदरांना धरून ठेवतं. दोन्ही बाजूंनी अर्धं काँक्रीट भरायचं, १:२:४ चं, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. त्यात ८ मिलिमीटरची सळई, दोन्ही टोकांना वळवलेली, भिंतीच्या जाडीहून ५ सेंटिमीटर आखूड. मग भोक गच्च भरायचं. दहा दिवस दोन्हीकडून पाणी शिंपडायचं, नळी सोडायची नाही. आतली भर पुन्हा भिजवली तर सगळी मेहनत वाया.

तिसऱ्या भोकाला घोटाळा झाला. दगड पहारीने निघेना म्हणून घण आणि छिन्नी आली. चार ठोक्यांत तो दगड हलला नाही, पण त्याच्या खालचा निखळला आणि भोकातून भर सुकलेल्या धान्यासारखी सळसळत ओघळू लागली. दोन घमेली बाहेर आल्यावर गोणपाट कोंबून फळी दाबली तेव्हा ती थांबली. वरच्या दगडांखाली पोकळी झाली होती. तिथे त्याच दिवशी कपच्या आणि काँक्रीट भरावं लागलं, आणि शेजारची दोन भोकं आठवडाभर पुढे ढकलली. सुट्या पदरात घणाचा ठोका एका दगडाला बसत नाही, आसपासच्या सगळ्यांना बसतो. घण नंतर गाडीतच राहिला.

एकूण १४ टाके. सळई १२ मीटरच्या थोडी वर, वजनाने पाच किलो. सिमेंट पाऊण पोतं. गिलाव्यात चार पोती गेली होती, ती उगाच आठवली.

या टाक्यांनी ऑयलरचा चौपटीचा हिशोब भिंतीच्या बाजूने फिरवला. २.९ मीटर मोकळा असलेला पदर आता मीटरभरावर धरलेला. मोकळी उंची एक तृतीयांश झाली की लचकण्याचा भार नऊ पट वर जातो. मातीच्या भिंतीत नऊच्या नऊ पट मिळत नाही, पण निम्मं मिळालं तरी खूप झालं.

पोट उतरवून पुन्हा बांधणं

९ सेंटिमीटरचं पोट टाक्यांनी जागच्या जागी बांधलं असतं, तर वाकडेपणा कायमचा झाला असता आणि भाराची रेघ काठावरच राहिली असती. म्हणून तेवढा बाहेरचा पदर उतरवला, पण एकदम नाही. मीटर-मीटर रुंदीचे पट्टे करून आधी एका टोकाचा, तो बांधून झाल्यावर दुसऱ्या टोकाचा, मधला सगळ्यात शेवटी. काढलेल्या दगडांवर चुन्याने क्रमांक घातले. सपाट तळाचे वेगळे रचले. गोटे पुन्हा वापरले नाहीत, गोटा दाबाखाली फिरतो.

कमी मजबुतीच्या दगडी बांधकामासाठीच्या आयएस १३८२८ या भारतीय मानकात आरपार दगड उंचीला दर ६० सेंटिमीटरवर आणि लांबीला फार तर १२० सेंटिमीटरवर सांगितले आहेत. (तेच मानक भिंत ४५ सेंटिमीटरहून जाड नको म्हणतं. जाड भिंत म्हणजे पक्की भिंत ही आपल्याकडची समजूत त्यामुळे उलटी पडते: जाडी वाढली की आरपार दगड मिळेनासा होतो आणि मधे भर शिरते.) अडीच फुटी पाषाण मिळाले नाहीत, म्हणून १० बाय १० सेंटिमीटरचे, ७५ लांबीचे, मधे ८ मिलिमीटर सळई असलेले काँक्रीटचे दांडे आधीच ओतून ठेवले. एकाचं वजन १८ किलो, एक माणूस सहज उचलतो. असे सात बसले. मधली भर मातीने ओतून भरली नाही. चपट्या कपच्या आडव्या रचून, मातीचा गारा फक्त सांध्यापुरता. दिवसाला दोन फुटांहून जास्त उंची चढवली नाही.

शेवटी माथ्याखाली आणि खिडकीच्या वर, आतून-बाहेरून, १० गेजच्या तारेच्या जाळीचा २५ सेंटिमीटर उंच पट्टा सिमेंटच्या १:३ मसाल्यात फिरवला आणि कोपऱ्यांवरून शेजारच्या भिंतींवर नेला. बाकी भिंतीवरचा जुना सिमेंटचा गिलावा खरवडून काढला आणि चुन्याचा केला, ओल बाहेर पडायला वाट राहील असा. पन्हाळ भिंतीपासून एक फूट पुढे काढली, माथ्यावर चुनखडीचा उतार दिला.

पुढच्या जून ते ऑक्टोबरात नव्या काचा तशाच राहिल्या, ओळंब्याची मापं एका मिलिमीटरच्या आत. टाक्यांच्या ओळीत एका ठिकाणी बारीक रेघ दिसली, ती तिसऱ्या भोकाजवळ होती. तिथे एक काच जास्तीची लावली आहे.

दिवाळीत मालकांनी ५०० लिटरची टाकी आणली, भरल्यावर अर्धा टन. ती उत्तरेच्या कोपऱ्यावर, टाके घातलेल्या भिंतीच्या डोक्यावर ठेवायचा विचार होता, कारण आता भिंत ‘पक्की’ झाली होती. सध्या ती परसात लोखंडी चौथऱ्यावर आहे.